एस्कॉर्ट खाली का बसली?

फोर्ड एस्कॉर्टची दुसरी आवृत्ती १९७५ साली बाजारात आली आणि १९८० साली बंद झाली. आयर्लंडमध्ये तिला सगळे नुसतं ‘मार्क टू’ म्हणतात. ही गाडी बनायची थांबून चार दशकं उलटून गेली, तरी दर जूनमध्ये डोनेगल परगण्यात रॅली भरते तेव्हा या चौकोनी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणाऱ्या गाडीसाठी माणसं अजून बांधाबांधावर दाटीवाटीनं उभी राहतात. तिच्याकडे बाजूनं पाहिलं की पहिल्यांदा नजरेत भरतं ते तिचं बसलेलं बूड. मागच्या चाकावरची पत्र्याची कमान टायरच्या माथ्यापर्यंत उतरलेली असते. ती बनत होती त्या काळातले, त्याच गाडीचे, इंग्लंड-वेल्सच्या जंगलातल्या रॅलींचे फोटो शेजारी ठेवावेत, तर तिथली एस्कॉर्ट टाचा उंचावून उभी दिसते. गाडी एक, कारखानदार एक, समुद्राच्या दोन बाजूंना उंची मात्र दोन. याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर सोपं आहे: आयरिश पोरांची हौस. जुनी गाडी घ्यायची, घरामागच्या शेडमध्ये जॅकवर चढवायची, मागची बाजू दोन इंच खाली उतरवायची आणि गावातून मिरवायची. हे उत्तर अगदी खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. हौस कुठून आली आणि तिनं नेमका हाच आकार का घेतला, हे ते सांगत नाही. माझ्या मते एस्कॉर्टची मागची उंची ठरवली ती आयर्लंडमधल्या रस्त्यांच्या कायद्यानं आणि खुद्द त्या रस्त्यांनी. शेडमधला माणूस त्या साखळीतला शेवटचा दुवा आहे.

आधी ही करामत काय असते ते नीट पाहायला हवं, कारण पुढचा वाद तिच्यावर उभा आहे. एस्कॉर्टला मागं आपल्याकडच्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीसारखाच अखंड ॲक्सल असतो आणि त्याला दोन बाजूंनी पोलादी पाट्यांचा आधार असतो. ट्रक-टेम्पोच्या गॅरेजात ज्यांना पाटे किंवा कमान म्हणतात तीच ही वस्तू: एकावर एक रचलेल्या, वाकवलेल्या पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्टनं एकत्र धरलेल्या, एका टोकाला बुश आणि दुसऱ्या टोकाला शॅकल. एस्कॉर्टमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो आणि दोन यू-बोल्ट त्याला पाट्याशी आवळून धरतात. त्यामुळे ॲक्सल आणि पाटा यांच्या मध्ये धातूचा एक ठोकळा सरकवला की पाटा तेवढा खाली जातो आणि पाट्यावर तोललेलं सगळं धूड त्याच्याबरोबर खाली येतं. ट्रकमध्ये पाटा ॲक्सलच्या वर असतो, म्हणून तिथे हाच ठोकळा गाडी उंच करतो. या कामाला लागतं काय? जॅक, भक्कम स्टँड, पान्यांचा संच, आधीच्यापेक्षा लांब यू-बोल्ट आणि गंजलेले नट सुटेपर्यंत टिकणारा धीर. वेल्डिंग लागत नाही, लेथ लागत नाही. दुसरा मार्ग पाट्यांचीच कमान कमी करून त्यांना सपाटीकडे आणण्याचा. तो नीट करायचा तर प्रेस आणि भट्टी असलेला जाणकार कारागीर हवा; घरी गॅसच्या ज्योतीनं पाटा तापवून वाकवला की पोलादाचं पाणी उतरतं आणि तो पाटा पाटा राहत नाही. तिसरा मार्ग खुद्द फोर्डच्या रॅली विभागानं एस्कॉर्टच्या स्पर्धेतल्या आवृत्तीसाठी वापरलेला: ॲक्सलला दांड्यांनी जागेवर धरायचं, पाट्यांचा भार हलका करायचा आणि तिरपे असलेले शॉक ॲब्सॉर्बर डिकीत पत्र्याचे मनोरे उभारून ताठ करायचे. हा राजमार्ग आणि त्याचा खर्चही राजेशाही. घरच्या शेडमध्ये जे घडतं ते बहुतेक वेळा पहिल्या मार्गानं, आणि तो इतका सुटसुटीत असल्यामुळेच ही गोष्ट रॅलीच्या तंबूतून गावोगावी उतरू शकली.

पण सुटसुटीतपणा हे कारण पुरेसं नाही. इंग्लंडमध्येही तेच पाटे होते आणि तेच पाने. फरक पडला तो गाडी कुठे पळवायची याच्या परवानगीत. १९०२ साली सेल्विन एज या ब्रिटिश चालकानं नेपियर गाडीतून गॉर्डन बेनेट चषक जिंकला. नियम असा की पुढची शर्यत विजेत्याच्या देशात व्हायची. ब्रिटनमध्ये त्या वेळी मोटारींना ताशी १२ मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्ता अडवून शर्यत लावण्याची सोयच कायद्यात नव्हती. मार्ग काढला तो आयर्लंडकडे बोट दाखवून. सगळं बेट तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली होतं. लंडनच्या संसदेनं १९०३ साली केवळ आयर्लंडपुरता एक कायदा करून रस्ते बंद करण्याची मुभा दिली आणि २ जुलै १९०३ रोजी अथाय गावाभोवती, किल्डेअर-कार्लोच्या रस्त्यांवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावर ती शर्यत झाली. कामीय जेनात्सी हा बेल्जियन चालक मर्सिडीजमधून जिंकला. जे घरी करायला सरकार धजावत नाही ते वसाहतीत करून पाहायचं, हा साम्राज्याचा जुना रिवाज. मोटारींच्या बाबतीतही तो मोडला नाही. त्या एका कायद्याचा जीव एका शर्यतीपुरता होता, हे खरं. पण सवय राहिली. आयर्लंडच्या फाळणीनंतर उत्तर आयर्लंडनं १९२२ सालीच शर्यतींसाठी रस्ते बंद करण्याचा स्वतःचा कायदा केला. त्याच्या बळावर १९२८ ते १९३६ बेलफास्टजवळ आर्ड्‌सच्या रस्त्यांवर टूरिस्ट ट्रॉफी धावली आणि शेवटच्या वर्षी गर्दीत गाडी घुसून आठ प्रेक्षक मेले तेव्हाच तिथून हलली. दक्षिणेत डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये १९२९ ते १९३१ आणि कॉर्कजवळच्या कॅरिग्रोहेनच्या सरळ रस्त्यावर १९३६ ते १९३८ अशा शर्यती झाल्या. इंग्लंडमध्ये या काळात शर्यत म्हणजे खासगी जागेतला बांधीव ट्रॅक. आयर्लंडमध्ये शर्यत म्हणजे उद्या सकाळी दुधाचे कॅन घेऊन जायचा तोच रस्ता.

रॅलीचा खेळ फोफावला तेव्हा या फरकाला खरं महत्त्व आलं. ब्रिटनच्या आरएसी रॅलीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याच्या जंगलवाटांचा आसरा घेतला, कारण तिथे सार्वजनिक रस्त्याचा कायदा आडवा येत नव्हता. त्या वाटा खडीच्या, चिखलाच्या, खड्ड्यांच्या. अल्स्टर ऑटोमोबाइल क्लबनं १९३१ साली सुरू केलेली आणि पुढे ‘सर्किट ऑफ आयर्लंड’ म्हणून गाजलेली रॅली मात्र ईस्टरच्या सुटीत बंद केलेल्या डांबरी रस्त्यांवर पळू लागली. पॅडी हॉपकर्क, ज्यानं १९६४ साली मिनीतून मॉंटे कार्लो जिंकली, तो याच सर्किटवर घडला आणि ती त्यानं पाच वेळा जिंकली. १९७२ साली डोनेगलची रॅली सुरू झाली, तीही डांबरावर. १९७८ पासून या सगळ्या रॅलींना एकत्र गुंफणारी स्पर्धा तर नावातच ‘टारमॅक’ हा शब्द घेऊन जन्मली. खडी आणि डांबर यांच्या गाडीकडून मागण्या उलट्या असतात. खडीवर चाकाला वरखाली खेळायला भरपूर जागा हवी आणि पोटाखाली दगड जायला अंतर हवं, म्हणून गाडी उंच. डांबरावर टायर घट्ट पकडतो, वळणावर अंग एका बाजूला कलतं आणि आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो. गुरुत्वमध्य जितका खाली तितकं हे कलणं आणि हा भारबदल कमी. एस्कॉर्टनं, आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या आवृत्तीतून, १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षं आरएसी रॅली जिंकली ती उंच उभी राहून. आयर्लंडमध्ये तीच गाडी जिंकायची तर तिला खाली बसणं भाग होतं. हा माझा तर्क नुसता कागदी नाही. ब्रिटनमधले सुट्या भागांचे विक्रेते आजही जुन्या एस्कॉर्टचे शॉक ॲब्सॉर्बर ‘फॉरेस्ट’ आणि ‘टारमॅक’ अशा दोन नावांखाली विकतात. हे दोन कप्पे मुळात पडले ते एका बेटावर गावचा रस्ता बंद करता येत होता आणि शेजारच्या बेटावर येत नव्हता म्हणून. इंग्लंडनं ती मुभा दिली ती २०१७ साली.

यावर कुणी म्हणेल की कोर्सिकात आणि बेल्जियममध्येही डांबरावर रॅली होत होत्या, मग तिथल्या प्रत्येक गावातली जुनी फोर्ड का खाली बसली नाही? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कॉर्क शहरात ली नदीकाठच्या मरीना भागात आहे. हेन्री फोर्डचे वडील विल्यम १८४७ साली, दुष्काळाच्या ऐन काळात, कॉर्क परगण्यातल्या बॅलिनास्कार्थीहून अमेरिकेला गेले. मुलानं १९१७ साली कॉर्कमध्ये, जुन्या घोडशर्यतीच्या मैदानावर, कंपनी काढली आणि जुलै १९१९ मध्ये तिथून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९३०च्या दशकात आयरिश सरकारनं आयातीवर भारी जकात बसवली तेव्हा मोटारींचा धंदा जोडणीचा झाला: सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी देशात उभी राहायची. फोर्डनं कॉर्कमध्ये हेच केलं. डब्लिनमध्ये १९५० साली फोक्सवॅगन बीटल जोडायला सुरुवात झाली, जर्मनीबाहेर जोडलेली ती पहिली बीटल. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इटालियन फियाट जोडता जोडता पद्मिनी झाली ती अशाच जकातीच्या कुंपणाआड. आयर्लंडचं कुंपण मात्र मुदतीचं होतं. १९७३ साली युरोपीय समुदायात जाताना मोटार-जोडणीसाठी मिळालेली खास सवलत १९८४ अखेरीस संपणार होती; फोर्डनं त्याआधीच, जुलै १९८४ मध्ये, कॉर्कचा कारखाना बंद केला आणि सुमारे ८०० लोकांचं काम गेलं. शेजारचा डनलपचा टायर कारखाना आदल्याच वर्षी गेला होता.

या कारखान्यातून बाहेर पडलेली एस्कॉर्ट रॅलीसाठी बनलेली नव्हती. ती शाळामास्तरांची, पशुवैद्यांची, मिठाईचा माल पोचवणाऱ्यांची गाडी. आयर्लंडमध्ये २००८च्या मध्यापर्यंत वाहनकर इंजिनाच्या आकारमानावर बसायचा, त्यामुळे लहान इंजिनाच्या साध्या गाड्याच घरोघरी होत्या. अशी गाडी जुनी झाली की स्वस्तात मिळायची, सुटे भाग सगळीकडे मिळायचे आणि तिच्यात उघडून समजणार नाही असं काहीच नसायचं. त्यात खेडी विखुरलेली, घर म्हटलं की मागं शेड आणि शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी ठेवलेली अवजारं आलीच. मिलस्ट्रीटच्या बिली कोलमननं, जो शेतकरीही होता, १९७४ साली एस्कॉर्टमधून खुद्द ब्रिटनचं रॅली अजिंक्यपद आणलं. अशा देशात गावातल्या पोराला आपल्या मास्तरांच्या जुन्या गाडीत आणि त्या अजिंक्य गाडीत किती अंतर दिसेल? पत्रा तोच, ॲक्सलची ठेवण तीच. इंजिन आणि गिअर बॉक्स आवाक्याबाहेरचे; उंची तेवढी आवाक्यातली. कोर्सिकात पोरं डांबरावरची रॅली पाहत होती, पण त्यांच्या अंगणात उभी असलेली गाडी आणि रॅलीतली गाडी यांचा असा सख्खा संबंध जुळला नव्हता. डांबराची मुभा आणि अंगणातली एस्कॉर्ट या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच दशकात भेटल्या, आणि ठोकळा तिथे गावोगावी पोचला.

आता एक जोरदार आक्षेप घेऊ. जुन्या गाड्या जपणारे म्हणतात की गाडी हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, आणि तिची उंची बदलणं म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिची व्याख्याही सांगते की वाहन किमान ३० वर्षांचं असावं आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेलं असावं. या म्हणण्याचा मला आदर आहे, पण ‘मूळ उंची’ नावाची जी गोष्ट ते गृहीत धरतात ती जवळून पाहिली तर विरघळत जाते. डब्लिनमध्ये जोडलेल्या त्या बीटलचंच घ्या. तिच्या मागच्या चाकांना पाटे नाहीत. गाडीच्या रुंदीत आडव्या बसवलेल्या पोलादी दांड्या पिळवटून स्प्रिंगचं काम करतात. दांडीच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दाता म्हणजे ८ अंशांहून किंचित जास्त. एक एका दिशेला आणि दुसरा उलट्या दिशेला सरकवला की जेमतेम पाऊण-एक अंशाचा बदल मिळतो. ही बारीक सोय खुद्द कारखान्यानं दिलेली, कारण दांड्या बदलल्या किंवा थकल्या की फिटरनं कोन मोजून गाडीची बसणी पुन्हा लावावी अशीच अपेक्षा होती. म्हणजे बीटलची ‘मूळ’ उंची हा एक कोन होता आणि तो लावणारा माणूस होता. पाट्यांच्या गाड्यांत असा कोन नसतो, पण पाटे स्वतः वयानं बसतात. पंचेचाळीस वर्षं ओझं वाहिलेला पाटा कारखान्यातून निघाला तसा असणं शक्य नाही. जो मालक आपल्या एस्कॉर्टला हात लावलेला नाही म्हणून अभिमानानं सांगतो त्याची गाडीही खाली आलेलीच आहे, फक्त तिला कुणी खाली आणलेलं नाही.

तरीही या आक्षेपाचा एक भाग शिल्लक उरतो आणि तो मी मान्य करतो. १९७८ साली सर्किटमध्ये उतरण्यासाठी खाली केलेली एस्कॉर्ट आणि गेल्या हिवाळ्यात खाली केलेली एस्कॉर्ट यांची साक्ष सारखी नाही. पहिली त्या काळाबद्दल बोलते. दुसरी आजच्या माणसाला त्या काळाबद्दल काय वाटतं ते सांगते. फिवाही त्या-त्या काळात झालेल्या बदलांना वेगळी जागा देते, आणि ते बरोबर आहे. पण दुसऱ्या साक्षीला शून्य किंमत देणं मला पटत नाही. एखादी रीत पन्नास वर्षं चालू राहिली की तिचं चालू राहणंही इतिहासाचाच विषय होतो.

दुसरा आक्षेप खुद्द आयर्लंडच्या जमिनीचा आहे, आणि तो माझ्या युक्तिवादाला जपणाऱ्यांच्या आक्षेपापेक्षा जास्त टोचतो. त्या देशात सुमारे एक लाख किलोमीटर सार्वजनिक रस्ते आहेत. त्यांपैकी राष्ट्रीय मार्ग जेमतेम ५,३०० किलोमीटर. उरलेले बहुतेक अरुंद, वळणांचे, दोन्ही अंगांना उतार आणि मधे उंचवटा असलेले. देशाच्या सुमारे एक पंचमांश भूमीवर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या दलदली वनस्पतींची, मऊ माती आहे. तिच्यावरून गेलेला रस्ता सारखा खचत नाही, लाटालाटांनी खचतो. अशा रस्त्यावर मागचा भाग खाली केलेली गाडी म्हणजे ताक घुसळायची रवी. शॉक ॲब्सॉर्बर आपल्या खेळाच्या टोकाला आणि ॲक्सल रबरी अडसरावर आपटत राहणार. मग रस्त्यानं उंची ठरवली हे म्हणणं कसं टिकतं? रस्ता तर उंच गाडी मागतो.

याचं उत्तर थोडं मागं जाऊन शोधावं लागतं. लाँगफर्ड परगण्यातल्या एजवर्थस्टाउनचा जमीनदार रिचर्ड लव्हेल एजवर्थ, कादंबरीकार मारिया एजवर्थचा बाप, यानं १८१३ साली रस्ते आणि गाड्यांच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला. त्याचं एक मुख्य म्हणणं असं की स्प्रिंगा बसणाऱ्याच्या सुखापुरत्या नसतात. चाक दगडावर चढताना सगळा बोजा उचलावा लागत नाही, म्हणून घोड्याची ओढही त्या हलकी करतात. त्याच सुमारास लंडनमध्ये ओबादाया एलियट यानं लंबगोल पाट्यांची रचना रूढ केली. ती थेट ॲक्सल आणि पेटी यांच्या मध्ये बसल्यामुळे गाडीखालचा जाड लाकडी कणा गेला आणि घोडागाडीची पेटी जमिनीजवळ आली. थोडक्यात, पाट्याची ही रचना प्रवासी वाहनात आली तीच गाडी खाली आणणारी म्हणून, आणि खाली येऊनही धक्का सोसणारी म्हणून. दोन्ही कामं एकत्र. आयरिश डांबरी रॅलीतली गंभीर गाडी हा तोल अजून सांभाळते. डोनेगलच्या नॉकाला डोंगरावर किंवा केरीतल्या मॉल्स गॅपला रस्ता उंचवट्यांवर गाडीला हवेत फेकतो. तिथे पोट जमिनीला लावून बसलेली गाडी पहिल्याच उडीत मोडेल. म्हणून तयारीचे रॅलीवाले गाडी जंगलातल्यापेक्षा खाली ठेवतात पण प्रदर्शनातल्यापेक्षा वर, आणि ठोकळ्यापेक्षा पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यावर पैसे खर्च करतात. तेव्हा रस्त्यानं वरची हद्द ठरवली तशी खालचीही ठरवली, असं म्हणायला हवं. चार इंच खाली उतरवलेली आणि गतिरोधकावर खरवडणारी एस्कॉर्ट या परंपरेतून बाहेर पडलेली आहे. तिची बाजू मांडायला माझ्याकडे युक्तिवाद नाही, आणि मांडायची इच्छाही नाही.

सुरक्षेचा मुद्दा इथूनच निघतो. ठोकळा निरुपद्रवी वस्तू नाही. ॲक्सल आणि पाटा यांच्यातलं अंतर वाढलं की गिअरचा जोर आणि ब्रेकचा झटका पाट्याला जास्त लांब तरफेनं पिळतो. पाटा इंग्रजी एस या अक्षरासारखा वाकतो आणि जोरात निघताना मागचा ॲक्सल थडथडतो. ठोकळ्याची खुंटी ॲक्सलच्या भोकात नीट बसली नसेल तर ॲक्सल तिरका सरकू शकतो. एकावर एक दोन ठोकळे रचणं किंवा लाकडाचा तुकडा घालणं हा तर सरळ वेडेपणा. ब्रेकची लवचीक नळी, टायर आणि कमानीच्या कडेतलं अंतर, प्रॉपेलर शाफ्टचा कोन हे सगळं पुन्हा पाहावं लागतं, आणि मागं बूड बसलं की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतात. आयर्लंडनं २००० सालापासून खासगी गाड्यांची नियमित तपासणी सक्तीची केली. पण १९८० पूर्वी नोंदलेल्या गाड्या त्या तपासणीतून सुटतात आणि ३० वर्षांवरच्या गाडीला वर्षाला अवघा ५६ युरो कर लागतो. म्हणजे ज्यांच्याखाली घरच्या घरी ठोकळा सरकवला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांकडे सरकारी तपासनीस बघतच नाही. हे मला अडचणीचं वाटतं. आपल्याकडे उलटं टोक आहे: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ते ठासून सांगितलं. तरी बुलेटचे सायलेन्सर पोलिसांना पोत्यानं जप्त करावे लागतात. नुसत्या बंदीनं शेड बंद होत नाही. तिथलं काम अंधारात जातं, एवढंच. आयरिश सवलतीत निदान काम उजेडात राहतं आणि जाणकारांची टीका त्याच्यापर्यंत पोचते.

शेवटी दिखाव्याचा आरोप. १९९०च्या दशकात एस्कॉर्टच्या किमती चढू लागल्या तेव्हा पोरं जपानहून आलेल्या वापरलेल्या टोयोटा कोरोलांकडे वळली, ज्यांना आयर्लंडमध्ये ‘ट्विन कॅम’ म्हणतात. रात्री चौकात गोल गोल फिरवून टायर जाळायचे, शेजाऱ्यांची झोप मोडायची. त्यांना रॅलीच्या इतिहासाचं काय, असं विचारलं जातं. बहुतेकांना काही नसेल. पण त्यांनी निवडलेली गाडी बघा: अखंड ॲक्सलची, मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, आणि तीही खाली बसवलेली. त्याच बाजारात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, जास्त आरामशीर, तितक्याच स्वस्त गाड्या भरपूर होत्या. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याचाही हात त्याच घडणीकडे गेला, याचा अर्थ ती घडण त्याच्या परिसरात आधीपासून मुरलेली होती. दिखावा असेलही, पण कशाचा दिखावा करायचा हे त्यानं स्वतः ठरवलेलं नव्हतं.

म्हणून कॉर्कची एखादी मार्क टू उद्या संग्रहालयात ठेवायची झाली, तर तिला कारखान्याच्या उंचीवर परत नेण्याची घाई करू नये असं मला वाटतं. ठोकळा काढायला तासभर पुरतो, पण मग ती कॉर्कची आहे की इंग्लंडची हे तिच्याकडे पाहून सांगता येणार नाही. ठोकळा राहू द्यावा, लांब यू-बोल्टसकट. शेजारी काढलेले मूळ यू-बोल्ट ठेवावेत आणि पाटीवर मालकाच्या नावाऐवजी ती कोणत्या साली, कोणत्या रस्त्यासाठी खाली केली तेवढं लिहावं. ते माहीत नसेल तर पाटी कोरी ठेवलेली बरी.